आकाशयंत्रांचे ड्रायव्हर आणि मुक्त भांडारांचा कारभार

आकाशाचा वेध घेणाऱ्या यंत्राची अंगे सांगा असे म्हटले तर बहुतेक लोक तीन अंगे सांगतील : भिंगाची किंवा आरशाची दुर्बीण, तिला ताऱ्यांच्या गतीबरोबर फिरविणारी बैठक आणि प्रतिमा टिपणारा कॅमेरा. आजच्या काळात या तिहींना एक चौथे अंग जोडले गेले आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही. संगणकाने दिलेली आज्ञा यंत्राला समजेल अशा भाषेत उतरविणारी आणि यंत्राचे उत्तर संगणकाला कळेल अशा रूपात परत आणणारी ही आज्ञावली होय. व्यवहारात तिला ड्रायव्हर म्हणतात. ती नसेल तर हजारो रुपयांचा कॅमेरा टेबलावर ठेवलेल्या शोभेच्या वस्तूहून अधिक उपयोगाचा राहत नाही.

दुर्बीण विकत घेणारा तिचा मालक होतो, याविषयी कोणाला शंका नाही. परंतु या चौथ्या अंगाचा मालक कोण? लिनक्स या मुक्त प्रणालीवर आकाशनिरीक्षणाची साधने चालविणाऱ्या मंडळींना हा प्रश्न गेली वीसहून अधिक वर्षे पडलेला आहे. त्यांनी त्याचे जे उत्तर काढले त्याचा इतिहास या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विषय तांत्रिक दिसतो खरा. पण सामायिक भांडार कसे चालवावे आणि परक्याची वस्तू त्यात कोणत्या अटीवर घ्यावी, हा त्याचा गाभा आहे. ज्यांनी कोणत्याही सार्वजनिक संस्थेचा कारभार जवळून पाहिला आहे, त्यांना तो अपरिचित वाटणार नाही.

या कथेचा आरंभ दुर्बिणीपासून होत नाही. तो छपाईच्या एका यंत्रापासून होतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले. कागद अडकला की वापरणाऱ्यांना त्याची सूचना जावी अशी सोय तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत केलेली होती. नव्या यंत्राच्या बाबतीत तसे करता येईना, कारण त्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो कंपनीने दिलेलाच नव्हता. ज्याच्यापाशी तो होता त्या दुसऱ्या विद्यापीठातील गृहस्थाने, गुप्ततेचा करार केला असल्यामुळे, तो देण्याचे नाकारले. स्टॉलमन यांनी पुढे १९८३ मध्ये मुक्त आज्ञावलींची जी चळवळ जाहीर केली, तिच्या मुळाशी असलेल्या प्रसंगांत हा एक प्रमुख प्रसंग म्हणून ते स्वतःच सांगत आले आहेत. म्हणजे मुक्त आज्ञावलींची अवघी चळवळ एका अर्थी ड्रायव्हरच्या भांडणातून उभी राहिली.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. नुसत्या गाभ्याने कोणाचे काम भागत नाही. त्याच्याभोवती शेकडो लहानमोठ्या आज्ञावली एकत्र आणून, एकमेकींशी जुळवून, सामान्य माणसाच्या हाती द्याव्या लागतात. हे काम करणारी जी मंडळे निघाली त्यांत इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले डेबियन हे जुन्यांपैकी एक होय. अशा मंडळाचे भांडार पॅकेजांचे बनलेले असते. पॅकेज म्हणजे बांधलेले गाठोडे. त्यात आज्ञावली असते, ती कोठे ठेवावी याची नोंद असते, तिला आणखी कशाकशाची गरज लागते याची यादी असते आणि ती कोणत्या परवान्याखाली दिली आहे याचे टिपणही असते.

डेबियनने १९९७ साली आपला सामाजिक करार प्रसिद्ध केला आणि त्याबरोबर मुक्त आज्ञावली कशाला म्हणावे याच्या कसोट्याही घालून दिल्या. त्यानुसार भांडाराचे तीन भाग पडले. ज्याचा मूळ मजकूर उघडा आहे व जे बदलण्यास आणि वाटण्यास मोकळीक आहे, ते मुख्य भागात. जे या कसोटीला उतरत नाही पण वाटण्यास परवानगी आहे, ते अमुक्त भागात. आणि जे स्वतः मुक्त आहे परंतु अमुक्त वस्तूवाचून चालत नाही, ते मधल्या भागात. डेबियन म्हणजे केवळ मुख्य भाग. बाकीचे दोन भाग सोयीसाठी ठेवलेले आहेत, असे करारातच स्पष्ट केले आहे. ही विभागणी वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा वाद तिच्याच रेषेवर घडला.

आता आकाशयंत्रांकडे वळू. कॅलिफोर्नियातील मीड या कंपनीने १९९२ साली एलएक्स-२०० ही संगणकाला जोडता येणारी दुर्बीण बाजारात आणली. तिच्याशी बोलण्याची भाषा अगदी साधी होती. दुर्बीण सध्या कोणत्या विषुवांशावर रोखलेली आहे हे विचारावयाचे तर तारेवरून चार चिन्हांचा संदेश पाठवावा आणि उत्तर म्हणून तास-मिनिटांचे अंक यावेत, असा प्रकार होता. क्रांती विचारावयाची तर तसाच दुसरा संदेश. कंपनीने या आज्ञांची यादी छापून उघड केली. परिणाम असा झाला की ज्याला थोडीबहुत संगणकविद्या येते अशा कोणालाही या दुर्बिणीचा ड्रायव्हर लिहिता येऊ लागला. इतकेच नव्हे, तर इतर अनेक उत्पादकांनीही आपल्या बैठकांना तीच भाषा शिकविली, आणि एका कंपनीची बोली हौशी ज्योतिर्विदांची व्यवहारभाषा होऊन बसली.

कॅमेऱ्यांची गोष्ट मात्र निराळ्या वाटेने गेली. प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करणारी सीसीडी ही चकती बेल प्रयोगशाळेत १९६९ साली विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी शोधून काढली. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ती हौशी मंडळींच्या हाती आली तेव्हा तिच्याशी बोलणे चार चिन्हांच्या संदेशाने भागण्यासारखे नव्हते. चकतीवरील लक्षावधी बिंदूंचे मोजमाप वेगाने वाहून आणावयाचे, तिचे तापमान खाली ठेवावयाचे, उघडझाप सांभाळावयाची. हे सर्व कसे करावे ही उत्पादकांची व्यापारी गुपिते ठरली. बहुतेकांनी आज्ञांची यादी दिली नाही; त्याऐवजी तयार यंत्रसंकेतात बांधलेली एक लायब्ररी दिली. तिला काम सांगता येते; पण ती काम कसे करते हे पाहता येत नाही.

विंडोज प्रणालीवर या गोंधळाला शिस्त लावण्याचा प्रयत्न १९९८ मध्ये बॉब डेनी यांनी सुरू केलेल्या ॲस्कॉम या व्यवस्थेने केला. पण ती विंडोजच्याच अंतर्गत रचनेवर उभारलेली असल्यामुळे लिनक्सवाल्यांना तिचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी मार्ग काढला तो एल्वुड डाउनी यांनी. आकाशाचा नकाशा व ग्रहांची स्थिती दाखविणाऱ्या एक्सएफेम या आज्ञावलीचे हे कर्ते. २००३ च्या सुमारास त्यांनी इंडी नावाची एक पद्धत आखली. तिच्यातील कल्पना सोपी पण दूरदृष्टीची होती. प्रत्येक यंत्राने आपले गुणधर्म स्वतःच सांगावेत : मला इतके अंक समजतात, माझ्यावर अमुक कळा आहेत, माझी अवस्था सध्या स्वस्थ, कामात, ठीक किंवा अडचणीत यांपैकी ही आहे. समोरच्या आज्ञावलीला यंत्राची पूर्वओळख असण्याचे कारण नाही. यंत्र आपला परिचय देईल, तो वाचून तिने चालावे. मध्ये एक सर्व्हर बसतो आणि निरोप इकडून तिकडे पोहोचवितो. यंत्र गच्चीवर आणि निरीक्षक खालच्या खोलीत असला तरी जाळ्यावरून काम चालते.

या पद्धतीला प्रत्यक्ष लायब्ररीचे रूप देऊन ती वाढविली जसीम मुतलक यांनी. जेसन हॅरिस यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या केस्टार्स या आकाशदर्शक आज्ञावलीत त्यांनी ती बसविली, आणि तेथून इंडी हौशी ज्योतिर्विदांत पसरली. तिच्या रचनेतील एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रत्येक ड्रायव्हर ही स्वतंत्र चालणारी आज्ञावली असते; सर्व्हर तिला सुरू करतो आणि ती कोसळली तर पुन्हा उभी करतो. एका कॅमेऱ्याचा ड्रायव्हर बिघडला म्हणून दुर्बिणीची बैठक थांबत नाही. लिनक्सच्या गाभ्यालाही धक्का लागत नाही, कारण हे ड्रायव्हर गाभ्याबाहेर राहून काम करतात. बंदिस्त लायब्ररी घ्यावीच लागली तर ती एका कोठडीपुरती राहील, घरभर पसरणार नाही, अशी ही मांडणी झाली. लायब्ररीचा परवानाही असाच निवडलेला आहे की तिच्याशी अमुक्त वस्तू जोडता यावी.

येथून त्रयस्थ ड्रायव्हरांचे प्रकरण सुरू होते. जे ड्रायव्हर पूर्णपणे मुक्त आहेत व ज्यांना बाहेरची फारशी सामग्री लागत नाही ते इंडीच्या गाभ्यात राहिले. उत्पादकाची बंदिस्त लायब्ररी ज्यांना लागते, अथवा ज्यांच्यासाठी बाहेरच्या आणखी काही गोष्टी हव्यात, ते वेगळे काढले गेले. आधी ते एकाच भांडाराच्या एका कप्प्यात होते. पुढे त्यांचे स्वतंत्र भांडार झाले. त्रयस्थ म्हणजे बंदिस्त असा समज मात्र करून घेऊ नये. कॅनन व निकॉन यांच्या नेहमीच्या कॅमेऱ्यांसाठी असलेला ड्रायव्हर त्रयस्थांत मोडतो, पण तो ज्या जीफोटो नावाच्या लायब्ररीवर चालतो ती मुक्त आहे. स्काय-वॉचर बैठकांसाठी वापरला जाणारा ईक्यूमॉड ड्रायव्हरही त्रयस्थ आणि मुक्त असाच आहे. याउलट झेडडब्ल्यूओ या चिनी कंपनीच्या कॅमेऱ्यांचे पाहा. त्यांच्यासाठी दोन पॅकेजे लागतात. एकात इंडीचा ड्रायव्हर, त्याचा मूळ मजकूर कोणीही वाचावा. दुसऱ्यात कंपनीने दिलेली लायब्ररी, ती नुसती यंत्रसंकेतात. क्यूएचवाय, एसबीआयजी, अटिक यांच्याही बाबतीत हीच जोडी दिसते.

अशी पॅकेजे बांधणे म्हणजे फाइली गोळा करून गाठ मारणे नव्हे. बांधणाऱ्याला प्रथम परवाना वाचावा लागतो. उत्पादकाने लायब्ररी फुकट दिली याचा अर्थ ती इतरांना वाटण्याची मुभा दिली असा होत नाही. ती मुभा स्पष्ट नसेल तर अमुक्त भागातही तिला जागा मिळत नाही. नंतर परवानगीचा दुसरा प्रकार येतो. नवे यंत्र जोडले की लिनक्स ते सामान्यतः प्रणालीच्या मुख्य अधिकाऱ्यालाच वापरू देते. सामान्य वापरणाऱ्याला ते मिळावे म्हणून यंत्राच्या उत्पादक-क्रमांकावरून ओळख पटवून मोकळीक देणारा एक लहानसा नियम, ज्याला यूडेव्ह नियम म्हणतात, तो पॅकेजात ठेवावा लागतो. तो विसरला तर ड्रायव्हर बसविलेला असूनही कॅमेरा सापडत नाही, आणि वापरणारा बिचारा तारा तपासत रात्र घालवितो.

मोठ्या प्रतिमांची अडचण आणखी वेगळी आहे. यूएसबी मार्गाने येणाऱ्या मजकुरासाठी लिनक्स मुळात १६ मेगाबाइट एवढीच स्मृती राखून ठेवते. मोठ्या चकतीच्या, वेगाने येणाऱ्या चित्रांना ती अपुरी पडते. झेडडब्ल्यूओच्या नियमात ती २०० पर्यंत वाढविण्याची ओळ म्हणूनच घातलेली आहे. काही कॅमेरे तर जोडल्याक्षणी स्वतःला कॅमेरा म्हणवीतही नाहीत. त्यांच्यातील चिप आरंभी कोरी असते; संगणकाने तिच्यात फर्मवेअर नावाची आज्ञावली भरली की ते यंत्र एकदा जणू निघून जाते आणि नव्या ओळख-क्रमांकाने परत येते. हे फर्मवेअर कोठून आणावे, केव्हा भरावे, हेही पॅकेज बांधणाऱ्यानेच पाहावयाचे.

शेवटी आवृत्त्यांचा मेळ. इंडीच्या गाभ्याची अंतर्गत रचना बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हर पुन्हा बांधावे लागतात. मूळ मजकूर हाती असेल तर ते यंत्रच करते. परंतु उत्पादकाची लायब्ररी ज्या प्रोसेसरसाठी त्याने बांधून दिली असेल त्यावरच चालते. २०१२ साली रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक निघाला आणि दुर्बिणीच्या बैठकीवरच तो बांधून टाकण्याची सोय झाली. त्याचा प्रोसेसर मात्र घरच्या संगणकाहून वेगळ्या जातीचा. मुक्त ड्रायव्हर त्यावर सहज बांधले गेले. बंदिस्त लायब्रऱ्यांसाठी उत्पादकाच्या मर्जीची वाट पाहणे आले. काहींनी त्या दिल्या आणि त्यांच्या मालाचा खपही वाढला. ज्यांनी दिल्या नाहीत त्यांचे कॅमेरे त्या वाटेवर निरुपयोगी ठरले.

ही सर्व पॅकेजे ठेवावयाची कोठे, याविषयी मतभेद होणे स्वाभाविक होते. फेडोरा हे मंडळ मूळ मजकुरावाचूनचा यंत्रसंकेत आपल्या भांडारात घेत नाही. फर्मवेअरपुरता त्याने अपवाद केला आहे. डेबियनच्या नियमाप्रमाणे बंदिस्त लायब्ररी अमुक्त भागात आणि तिच्यावर विसंबणारा मुक्त ड्रायव्हर मधल्या भागात, अशी वाटणी होते. खगोलशास्त्राच्या कामासाठी निवडलेल्या पॅकेजांचा डेबियन ॲस्ट्रो हा संच २०१७ मध्ये डेबियनच्या नवव्या आवृत्तीबरोबर निघाला. उबुंटूवर मुतलक यांनी स्वतःचे वेगळे भांडार चालविले आणि तेथून मुक्त व बंदिस्त असे दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर पुरविले. ज्याला आजच रात्री काम करावयाचे आहे तो बहुधा याच वाटेने गेला.

काटेकोर पक्षाचे म्हणणे असे की एकदा सोयीसाठी दार उघडले की ते पुन्हा लावता येत नाही. उत्पादकांना मूळ मजकूर देण्याचे कारणच उरत नाही. सोयीच्या पक्षाचे म्हणणे असे की नियम शुद्ध राहिला आणि निरीक्षक विंडोजकडे निघून गेला तर भांडार कोणासाठी राखावयाचे? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. डेबियनच्या सभासदांनी २०२२ साली मतदान करून अमुक्त फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचात घेण्याचे ठरविले आणि २०२३ मध्ये निघालेल्या बाराव्या आवृत्तीत ते आले. पण घेताना त्यांनी ते मुख्य भागात मिसळले नाही. त्यासाठी वेगळ्या नावाचा भाग केला. आमच्या मते यातच व्यवहाराचे शहाणपण आहे. परकी वस्तू घ्यावी लागली तर घ्यावी. पण ती परकी असल्याची पाटी काढू नये. जेथे पाटी राहते तेथे तिच्या जागी आपली वस्तू करण्याची आठवणही राहते.

ही पाटी इतकी महत्त्वाची का, हे गेल्या काही वर्षांतील एका घटनेवरून कळेल. ज्या मीड कंपनीपासून आम्ही प्रारंभ केला, तिने २०१९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पुढे ती दुसऱ्या हाती गेली आणि २०२४ साली तिचे कामकाज बंद पडले. तरीही एलएक्स-२०० दुर्बिणी चालत आहेत आणि तिची भाषा बोलणाऱ्या इतरांच्या बैठकाही चालत आहेत. ती भाषा कंपनीच्या तिजोरीत नव्हती. लोकांच्या हाती होती. हीच कंपनी बंदिस्त लायब्ररीवर चालणारे यंत्र मागे ठेवून गेली असती, तर लिनक्सच्या एखाद्या नव्या आवृत्तीबरोबर ते मुके झाले असते, आणि काच निर्दोष असूनही मालकाला ते टाकून द्यावे लागले असते.

आपल्याकडे मोडी कागदांची अवस्था पाहणाऱ्यांना हे पटावे. पुण्याच्या पेशवे दप्तरात, बडोद्यास, तंजावरास मोडीचे रुमालच्या रुमाल आहेत आणि ते वाचणारे विरळ आहेत. तरी मोडी पुन्हा शिकता येते, कारण ती कोणा एकाची खाजगी मालमत्ता नव्हती. तिची अक्षरे, तिचे वळण, तिचे संक्षेप यांची पुस्तके आहेत, शिकविणारे आहेत. विसरलेली गोष्ट आठवता येते. जी कधी सांगितलीच नाही ती आठवावी कशी?

हौशी निरीक्षणाची परंपरा आपल्या भागातही आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करीत आहे. पणजीत खगोलप्रेमींच्या संस्थेची सार्वजनिक वेधशाळा आहे. अशा संस्था वर्गणीवर व देणग्यांवर उभ्या राहतात, आणि तेथे आलेले यंत्र एका पिढीने घ्यावयाचे व पुढच्या पिढीने वापरावयाचे असते. सबब, यंत्र घेताना भिंगाचा व्यास व किंमत पाहावी, तसे आणखी दोन प्रश्न विचारावेत. याच्याशी बोलण्याची भाषा उत्पादकाने उघड केली आहे काय? नसेल, तर त्याची लायब्ररी वाटण्याची मुभा तरी त्याने दिली आहे काय? पहिल्याचे उत्तर होय असेल तर यंत्र आपले झाले असे समजावे. केवळ दुसऱ्याचे होय असेल तर ते उत्पादक असेपर्यंत आपले आहे. दोन्ही नसतील तर पैसे आपले आणि यंत्र त्याचे, एवढाच हिशेब राहतो.

पॅकेजे बांधणाऱ्या मंडळींची नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात. त्यांतील पुष्कळजण दिवसा पोटाचा उद्योग करून रात्री हे काम करतात. नियमाची एक ओळ, परवान्याचे एक टिपण, एका प्रोसेसरसाठी पुन्हा एकदा बांधणी, असा त्यांचा दिनक्रम असतो. एखाद्या गच्चीवर कोणी शनीची कडी टिपतो तेव्हा त्यांच्या श्रमाची आठवण त्याला होत नाही, आणि ते तशी अपेक्षाही करीत नाहीत. त्यांनी भांडार स्वच्छ ठेवले आहे आणि काय आपले व काय उसने याची नोंद खरी ठेवली आहे. पुढच्या पिढीला हिशेब देण्यास तेवढे पुरेसे आहे.